अर्धा केक

नोरबी, १ मार्च १९९३

ती. विबेकेताईस,
दोर्थेचा सप्रेम नमस्कार. भाओजींचा खोकला कमी झाल्याचं वाचून बरं वाटलं.

माझं मात्र आज चित्त ठिकाणावर नाही. आपल्या गणिताच्या क्रोगबाई बर्फावरून घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. रक्तगट तपासण्यासाठी सकाळी त्यांचं रक्त मीच घेतलं. आमचा नियम असा, की रुग्णाने स्वतःच्या तोंडाने नाव आणि सरकारी जन्मक्रमांक, दहाच्या दहा आकडे, सांगायचा, मगच नळीवर चिठ्ठी चिकटवायची. पण बाईंनी मला पाहताच विचारलं, की काय गं, अजून हातचा विसरतेस का? मी हसत राहिले. ओळखीच्या बाईंना क्रमांक काय विचारायचा! शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या बाईंचं रक्तही लगोलग घेतलं. दुपारी घरी कपडे वाळत घालताना एकदम मनात आलं, चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असली तर? चुकीचं रक्त चढलं तर बाई जातील.

तशीच आत जाऊन प्रयोगशाळेत फोन केला. आमची मुख्य, युट्टे, म्हणाली की दोघींचंही रक्त उद्या पुन्हा घेऊ. चढवायचं रक्त मोठ्या गावाहून मागवावं लागतं, म्हणून उद्याची शस्त्रक्रिया परवावर गेली. त्या वयात मोडकं हाड घेऊन आणखी एक दिवस पडून राहायचं! आणि मी खरंच चुकले की नाही, हेही ठाऊक नाही. स्वतःच्या मनाच्या शांतीसाठी मी बाईंना दुखण्यात ठेवलं का गं?

तुझी,
दोर्थे

स्वेनबोर्ग, ३ मार्च

चि. दोर्थेस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

वेडे, लहानपणी दाराला कडी लावली का ते पाहायला तीनतीनदा उठायचीस, तीच तू. पण या वेळी उठलीस ते बरं केलंस. गप्प बसली असतीस तर कान उपटायला पहिल्या गाडीने आले असते. तुमच्या प्रयोगशाळेत चुकेल त्याने सगळ्यांना केक खाऊ घालायचा ना? तुझे भाओजी विचारताहेत, की केक भाजलास का. त्यांना तेवढीच काळजी! बाईंचं काय झालं ते उलट टपाली कळव. मलाही घास गोड लागत नाही.

तुझी ताई

नोरबी, ५ मार्च

ती. ताईस,
नमस्कार. आधी महत्त्वाचं: बाई सुखरूप आहेत!

दुसऱ्या तपासणीतही बाईंचा गट बी आणि शेजारणीचा ए, पहिल्यासारखेच. चिठ्ठ्या बरोबर होत्या. बुधवारी शस्त्रक्रिया झाली, दोन पिशव्या रक्त लागलं, काल बाई खुर्चीत बसल्या.

प्रयोगशाळेत मात्र भांडण जुंपलं. युट्टे म्हणाली, चूकच झाली नाही तर केक कसला? माझ्या जोडीला काम करणारी बेंटे म्हणाली, वा गं वा, क्रमांक विचारला नाही ती चूक नाही होय? शेवटी मी बाईंपाशी गेले, सगळं सांगून टाकलं, माफी मागितली. पूर्वी माझ्या वहीकडे बघायच्या ना, तशा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, की उत्तर बरोबर आहे, पण पायऱ्या गाळल्यास. असल्या गणिताला मी अर्धेच गुण देते.

मग घरी येऊन वर खोबऱ्याचा थर देऊन आपला तो तपकिरी केक भाजला. आज अर्धा प्रयोगशाळेत दिला, अर्धा बाईंकडे नेला. पण ताटली पुढे करण्याआधी त्यांना नाव आणि जन्मक्रमांक विचारला. त्यांनी शेवटच्या आकड्यापर्यंत खणखणीत आवाजात सांगितला आणि म्हणाल्या, की हं, आता वाढ.

भाओजींना सांग, तुकडाही उरला नाही. लोभ आहेच, कान उपटायला का होईना, एकदा ये.

तुझी,
दोर्थे