गाडीच्या हँडलची जुडी

आचलचे बाबा,

बुधवारी शाळेत मीटिंग आहे. आपली आचल बोलत नाई, तं तिले वर्षभर काय अन् कसं शिकवायचं, हे मॅडम माह्यासंगं बसून ठरवणार आहे. त्याच्याआधी त्याईनं एक सवाल देल्ला: कोणी काही सांगतलं नाई, तं पोरगी आपल्या मनानं काय करते?

तिले आपल्या मनानं काही कराले भेटतेच कुठं? दिवसभर मीच तिच्या मांगं, हे घे, ते ठेव.

म्हणून आज बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधतानी मी चूप बसून पाह्यलं. आचलनं एक जुडी उचलली, अंगणात गेली अन् तुमच्या बंद पडलेल्या गाडीच्या हँडलले अडकवली. बाजाराले जातानी वेशीवरच्या मातामाय देवीले वाहाले तुमी रोज अडकवत होते, तशीच. मंग तिथंच उभी राहून रस्त्याकडं पाहून राह्यली होती.

पुण्याले जातानी तुमी म्हटलं होतं, "तिले बाप कोण, हेही समजत नाई."

अजून काय काय ठाऊक असन तिले? मले मोठं नवल वाटून राह्यलं.

हे पत्र मी पाठवत नाई. तुमी म्हणसान, योगायोग असन.

मॅडमले मात्र जुडीचं सांगीन. पण त्याईनं विचारलं, पोरीले तिचा बाप किती ओळखते, तं काय सांगू?

अंकिता