आखूड हातातल्या बांगड्या

आई, काल लेकीच्या लग्नाच्या बांगड्या भरल्या आणि दिवसभर तूच डोळ्यांसमोर होतीस. माझा डावा हात जन्मापासून कोपराच्या थोडा खाली संपतो. धुळ्याच्या उन्हात बाकीच्या मुली अर्ध्या बाह्यांत फिरायच्या, आणि तू मला लांब बाह्या शिवायचीस. डावीचं टोक दुमडून टाके घालून बंद करायचीस. शिवताना इतकी खुशीत असायचीस, की मला तक्रार करवायची नाही. पण कॉलेजात जाईपर्यंत माझी खात्री झाली होती, की तुला माझ्या हाताची लाज वाटते.

मग भडगावला मावशीच्या मुलीचं लग्न. ओसरीवर कासारीण बसलीय, मी उजवा हात पुढे केलाय. मागून कुणीतरी म्हणतं, "हिले एकाच हातमा भर." तू चहा घेऊन येत होतीस. ट्रे खाली ठेवलास, माझ्याजवळ बसलीस आणि सगळ्यांदेखत डाव्या बाहीचे टाके दातांनी उसवलेस. मग बाही कोपरापर्यंत वर सारलीस.

"मनी पोरले दोन हात शेतस," तू म्हणालीस. "एक आखूड शे, इतलंच."

"अक्का, त्या हातमा बांगडी टिकी का?" कासारणीनं विचारलं.

"तू भर. पुढलं आम्ही देखी लेसूत."

तिनं लहान मुलींच्या मापाच्या हिरव्या बांगड्या चढवल्या. हात खाली सोडला की त्या घसरायच्या. म्हणून तो दिवसभर मी कोपरात वाकवून छातीशी धरला, सगळ्यांना दिसेल असा. लपवला असता तर बांगड्या पडल्या असत्या. मावशीच्या आरशात पाहिलं, तर तो हात मला चक्क नटलेला दिसला.

परतीच्या एसटीत तू तिकिटं काढलीस. मग विचारलंस, "तुले वाटे का, माले लाज वाटस म्हनीसन मी झाकस?"

मी हो म्हणाले.

"लोके देखेत, ते माले सहन व्हये ना," तू म्हणालीस, आणि माझा आखूड हात मांडीवर घेऊन धुळं येईपर्यंत धरून बसलीस.

त्यानंतर मी अर्ध्या बाह्या घातल्या. नोकरी केली, लग्न केलं, लेकीला याच हाताच्या आधारानं न्हाऊ घातलं. तू आता नाहीस, हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून खरं सांगते. काल व्याही मंडळी आली, तेव्हा माझा हात आपसूक पदराखाली गेला. मला कळलं होतं. तरी थोडा वेळ तसाच राहू दिला.