मेलेल्या हमालाला वन्समोअर

२ फेब्रुवारी १९६८, शुक्रवार
शाळेच्या अंगणात चौथी तालीम. बेहरूजसाहेबांनी आजही माझ्या हातातली संवादांची वही काढून घेतली. इराणी गृहस्थ. नाटक स्वतः लिहितात, स्वतःच बसवतात. तेहरान, बैरूत झालं, आता युरोप. दुबईत भावाकडे तीन महिने आलेत. स्वस्थ बसवेना, म्हणून आम्हा कोकणी दुकानदार-कारकुनांना धरून हिंदुस्थानीत नाटक! गिऱ्हाइकांशी बोलून शिकलेल्या फारसीवर भाषांतर मीच केलं. हमालाचं मुख्य कामही मलाच.
प्रॉम्प्टर नको म्हणतात. "लफ्ज भूल गए तो चुप रहो." आमच्या दाभोळात प्रॉम्प्टरशिवाय पडदा उघडला नसता.

९ फेब्रुवारी
बेहरूजसाहेब, इथून पुढे नुसतं बे., जूनमध्ये हेच नाटक इटलीत करणार. आठ देशांचे नट. इथून एक नेणार म्हणाले. नाव घेतलं नाही, पण माझ्याकडे बघत होते.
मला जायचंय. कुणाला सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितो. नऊ वर्षं मामूंच्या दुकानात कापड मोजतोय.

१३ फेब्रुवारी
मामूंना कुणकुण लागलीच. "नाटकं ईदपर्यंत. मग खलास. तुझ्या बापाने तोंड रंगवायला पाठवलं नाही तुला." मी हो म्हणालो. मामूंपुढे दुसरं काही तोंडातून निघतच नाही.

२३ फेब्रुवारी
शेवटचा प्रसंग. हमाल गोणीखाली मरतो आणि पुढे कुणी काही बोलायचं नाही. मनात शंभर आकडे मोजून पडदा. बे. म्हणतात, सगळं नाटक त्या शंभर आकड्यांसाठी लिहिलंय. माझं नाक नेमकं चाळिसाला खाजतं. खोलीवर गादीत मरायचा सराव केला. मामू डोकावले, "ताप आलाय काय रे?"

११ मार्च, ईदची सुट्टी
प्रयोग झाला. आधी झालं ते लिहितो, मग रडतो.
अंगण भरलेलं, निम्मे आपलेच रत्नागिरीकडचे. पहिल्या रांगेत मामू, हे नवलच. मेलो, छान मेलो. तीस आकडे झाले. आणि मागून कुणीतरी ओरडला, "वन्समोअर!" मग दहाजण. मग सगळेच.
आणि मी उठलो. गोणी पाठीवर घेतली, पुन्हा अडखळलो, पुन्हा मेलो. गावी वन्समोअर आल्यावर जो उठत नाही त्याला माजोरी म्हणतात. विचार केलाच नाही, पायच उठले. टाळ्या थांबेनात.
पडद्यामागे बे. पांढरेफटक. "किसने कहा उठने को?"
"पब्लिकने, साहेब."
त्यांनी कोट घेतला, गेले. मामू मात्र खुशीत, "दुसऱ्यांदा जास्त बरा मेलास."

१५ मार्च
बे. काल विमानाने गेले. निरोपाला गेलो होतो, भेटले नाहीत. माझ्या हाताने घालवलं. दिवसभर दुकानात कापड चुकीचं फाडत होतो.

९ एप्रिल
काही नाही. दुकान. उकाडा.

१७ मे
बे. यांचं पत्र! इटलीहून, फारसीत. दोनदा वाचलं, तेव्हा विश्वास बसला.
लिहितात, महिनाभर तुझा राग केला. मग शेवट नव्याने लिहिला. आता प्रेक्षक हाक मारतात आणि मेलेला हमाल उठून पुन्हा ओझं घेतो. इथला नट चांगला आहे, पण तो टाळ्यांसाठी उठतो. तू नोकरासारखा उठलास, मालकाने हाक मारल्यावर उठावं तसा. ते याला जमत नाही. दहा जूनच्या आत ये. तिकीट पाठवतो, हो किंवा नाही कळव.
आनंद झाला, खरंच झाला. पण ते नोकराचं वाक्य गिळवत नाही. स्तुती आहे की शिवी, बे. यांनाच ठाऊक. त्यांनाही ठाऊक नसेल.

१८ मे
पासपोर्ट मामूंच्या तिजोरीत. मागायला हवा. सकाळी तीनदा तोंड उघडलं, तीनदा गिऱ्हाईक आलं. खोटं कशाला लिहू, एकदा कुणीच नव्हतं.
दुपारी वर खोलीत येऊन उत्तर लिहायला बसलो. "जनाब" एवढंच झालंय. खालून मामूंनी हाक मारली, ट्रक आलाय, गठ्ठे उतरवायचेत. ओ दिली नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा. पेन हातात, पाय जमिनीला दाबून धरलेत.
पुन्हा हाक मारतायत.