स्नेहलता निवास, झिंडेलफिंगेन: परवाना प्रकरण

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. जर्मनीत यशस्वी झालेल्या मराठी घरमालकाचा अनुभव कुठेतरी लिहिलेला असावा.

घर फुल्ल! माळ्यावरच्या खोलीत जीवन, इथल्याच कार कारखान्यात इंजिनिअर. तळघरात उत्कर्षा, मूळची नागपूरची, स्टुटगार्टला संशोधन करते. मधल्या मजल्यावर मी, नंदा आणि आमची कुहू. घराला आईचं नाव दिलंय. 'भाडेकरू' हा शब्द मला आवडत नाही, मी त्यांना रेसिडेंट्स म्हणतो. मला 'दादा' म्हणा असं सांगितलंय. दोघंही 'काका' म्हणतात. होईल सवय.

नंदाने विचारलं, अशा खोल्या द्यायला परवानगी लागते का, ते बघितलंस का? मी म्हटलं, बघितलंय.

(शनिवारी बघणार आहे.)

८ मार्च

नियम वाचायला बसलो. पीडीएफ जर्मनमध्ये. पहिला शब्दच एका ओळीत मावेना. पण मी जर्मनची बी-वन परीक्षा पास आहे, त्यामुळे भावार्थ लगेच कळला. सगळं ठीक आहे.

१० मार्च

आंघोळ करताना कल्पना सुचली. दाराशी फ्रेममध्ये सरकारी सर्टिफिकेट! गावात कुणाकडेच नसेल. बाउआम्टला, म्हणजे बांधकाम खात्याला, ईमेल केला. 'आमचं आदर्श घर एकदा येऊन पाहा.' सोबत सगळ्या खोल्यांचे फोटो. तळघराचा फोटो विशेष छान आलाय, पलंगासकट.

नंदाला सांगितलं नाही. सरप्राइज.

१८ मार्च

उत्तर आलं! फ्राउ क्लिंगलर नावाच्या बाई पुढच्याच आठवड्यात स्वतः येणार. या देशात दाताच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत दात पडून जातो. फोटोंनी काम केलेलं दिसतंय.

नंदा म्हणाली, तू आपणहून बोलावलंस? मी म्हटलं, हो. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. कौतुक असावं.

२५ मार्च

पाहणी झाली. एकंदरीत उत्तम.

तळघरात बाईंनी छताची उंची मोजली. कमी आहे म्हणाल्या. मी सरळ उभा राहून दाखवलं. केस टेकले, पण माझे केस मुळातच उभे राहतात. मग मी सांगितलं की इथे कुणी राहत नाही, ही हॉबीची खोली आहे, पलंग योगासाठी. तेवढ्यात कुहू जिन्यावरून म्हणाली, "ने, दा श्लेफ्ट उत्कर्षा." मराठीत विचारलं तर उत्तर देत नाही, जर्मनमध्ये न विचारताच सांगते की इथे उत्कर्षा झोपते. मागून स्वतः उत्कर्षा टूथब्रश घेऊन आली आणि बाईंना गुड मॉर्निंग म्हणाली.

माळ्यावर बाईंनी विचारलं, आग लागली तर हा मुलगा एवढ्याशा खिडकीतून बाहेर कसा पडणार? मी म्हटलं, तो क्रिकेट खेळतो. मग जीवनला खिडकीतून जाऊन दाखवायला लावलं. कमरेशी अडकला. मी आणि फ्राउ क्लिंगलरनी एकेक पाय धरून त्याला परत आत ओढला. त्यातून आमच्यात चांगली ओळख झाली.

जाताना त्या खूप वेळ लिहीत होत्या. चांगलं लक्षण.

२८ मार्च

सर्टिफिकेट नाही. माळा आणि तळघर, दोन्ही ठिकाणी झोपायला बंदी. आर्किटेक्टकडून नकाशे काढून रीतसर अर्ज करायचा, सुधारणा करायच्या, मंजुरी आली की मगच खोल्या द्यायच्या. आणि या दोघांशी करार केलाय, तेव्हा त्यांची सोय मीच करायची!

उत्कर्षा जेवायच्या टेबलाशी रडली. तिच्या व्हिसाची मुदत वाढायची आहे, आत्ता पत्ता गेला तर पंचाईत. मी सुचवलं की तळघराला जाड पडदे लावू. नंदा उठून तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, "तू कुठेही जाणार नाहीयेस."

मी तेच म्हणणार होतो.

३० मार्च

नवी रचना. उत्कर्षा कुहूच्या खोलीत. कुहू नंदाबरोबर. जीवन माझ्या होम ऑफिसमध्ये. मी हॉलमधल्या सोफा-कम-बेडवर. कॅप्टनने डेकवर झोपावं, तसं वाटतंय.

४ एप्रिल

नवी रचना दाखवायला नंदाने फ्राउ क्लिंगलरना परत बोलावलं. सोफा उघडला की बागेच्या दाराची वाट बंद होते, आणि ती आगीत बाहेर पडायची वाट आहे. मी म्हटलं, मी रोज सकाळी सोफा बंद करतो. त्या म्हणाल्या, आग सकाळपर्यंत थांबेल का? हा प्रश्न बी-वनच्या पुस्तकात नव्हता.

तेव्हा सोफा बंद ठेवूनच झोपायचं. मी लांब, सोफा आखूड. पाय खुर्चीवर.

१२ एप्रिल

मान डावीकडे वळून तशीच राहिली आहे. ऑफिसात सांगितलं, योगा.

नंदाने आर्किटेक्ट गाठला. अर्जात जबाबदार व्यक्ती म्हणून तिचंच नाव. मी म्हटलं, घरमालक मी आहे. तिने विचारलं, 'रेटुंग्सवेग' म्हणजे काय ते सांग. मी म्हटलं, ते संदर्भावर अवलंबून आहे. जीवन म्हणाला, काका, ज्या वाटेवर तुम्ही झोपला होतात ती.

२० एप्रिल, ईस्टर

उशिरा उठलो. सगळे माझ्याशिवाय नाश्त्याला बसलेले, हसत होते. नंदाला इतकं हसताना पाहून किती दिवस झाले, आठवेना. दारातच थांबलो. आणि ऐकलं! कुहू उत्कर्षाशी मराठीत बोलत होती. पूर्ण वाक्य. "बाबांना सांगू नकोस हं."

व्याकरण अचूक. डोळ्यांत पाणी आलं. काय सांगायचं नव्हतं, ते कळलं नाही.

२७ एप्रिल

नंदा म्हणाली, अरे, मंजुरी आणि काम होईपर्यंत शरद ऋतू उजाडेल, तोवर तुझी मान तुटेल. जवळपास कुठे खोली बघ. आवाज मऊ होता, पण जाहिराती तिने आधीच काढून ठेवल्या होत्या.

विचार केला, वाईट नाही. व्यवसाय भाडेकरूच्या बाजूनेही समजून घ्यायला हवा. फील्ड रिसर्च!

३ मे

ब्योब्लिंगेनला तीन विद्यार्थ्यांच्या घरात खोली बघितली. इथे घरातले लोकच नव्या माणसाची मुलाखत घेतात. विचारलं, स्वतःबद्दल सांगा. मी म्हटलं, अनुभवी घरमालक. बाथरूम साफ करता का? म्हटलं, आमच्याकडे सिस्टिम आहे. (नंदा.) सध्याचं घर का सोडताय? तिथे मात्र मी सगळं खरं सांगितलं: खिडकी, तळघर, सोफा, नंदाने सगळं कसं सांभाळलं ते. तिघंही पुढे सरकून ऐकत होते. निघताना म्हणाले, "वीअर मेल्डन उन्स." आम्ही कळवू.

नक्की झालं म्हणायचं. येताना नवी उशी घेतली.

५ मे

मेसेज आला. त्यांनी दुसऱ्या कुणालातरी निवडलं.

खाली अजून एक ओळ होती. तिघांतल्या एकाने विचारलंय, परवानगी आली की तुमच्या बायकोकडे एखादी खोली मिळेल का?

नंदाचा नंबर पाठवला.