पलीकडचे चार टॉवर

२३ ऑगस्ट, शनिवार
आज मराठी वर्गाला पंचवीसच मुलं. पटावर साठ. बाकीची गणपतीला गावी गेलीत. परतीची तिकिटं गौरी-विसर्जनानंतरचीच काढतात सगळे, इथली शाळा सोमवारी सुरू होत असली तरी. रस्त्यापलीकडच्या चार टॉवरमधली तर पाचच आली. तिकडे सगळे मालवण-कणकवलीचे, घरं ओस.
शलाका म्हणाली, "वहिनी, आज हजेरी नीट घ्या हं. खाली सही करा, तारखेसकट." तीन वर्षं वर्गाची हजेरी नि हिशेब माझ्याकडे आहे, सही कधी मागितली नव्हती. पण मुख्य बाई ती. केली सही. मग तिने पानाचा फोटो काढला. हलला म्हणून परत काढला.
विचारायला हवं होतं, कशाला.
कोबी साडेतीन दिरहम. आठवड्यात पाऊण वाढला.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी
पूजा सातला आटोपली. मूर्ती शाडूची, सहा इंची. एकवीस मोदक घरचे, त्यातले तीन फुटले.
संध्याकाळी शलाका नवऱ्याला घेऊन दर्शनाला. विकतच्या मोदकांचा डबा आणला. स्टिकर खरवडलेलं, पण ४५ दिरहम वाचता येत होते. चोवीसने हजार ऐंशी रुपये. मोदकांना.
आरतीनंतर ती नि आमचे हे गॅलरीत दहा मिनिटं बोलत होते. पाणी घेऊन गेले तर विषय पार्किंगचा. आमच्याकडे गाडी नाही.
बाप्पा, सणाच्या दिवशी असले विचार येतात, क्षमा कर.

३० ऑगस्ट, शनिवार
आता कळलं सही कशाला.
वर्गानंतर सभा. निम्मे पालक गावीच. शलाकाने भिंतीवर नकाशा दाखवला. अल नहदाला नवा हॉल मिळालाय, ऑक्टोबरपासून पलीकडचे चार टॉवर तिकडच्या वर्गात. मुख्य बाई तिथे तीच. म्हणजे वर्गाचे दोन वर्ग. चांगली गोष्ट आहे, पोरांना तो सहा पदरी रस्ता ओलांडायला लागणार नाही. मी हात वर केला, ठरावाच्या बाजूने.
मग वाटणी. शिल्लक नऊ हजार. ती पटावरच्या मुलांप्रमाणे. तिकडे तीस, इकडे तीस. साडेचार-साडेचार. बरोबर.
देणं बारा हजार. परकारभाईंनी बाक, कपाट, प्रोजेक्टर उधारीवर दिले त्याचं. ते मात्र "प्रत्यक्ष उपस्थितीप्रमाणे". बाकांवर जे खरे बसतात त्यांनी बाकांचे पैसे द्यायचे, असं शलाकाचं म्हणणं. आणि उपस्थिती कुठल्या दिवसाची? २३ ऑगस्टची. पंचवीसातली पाच. म्हणजे पाचवा हिस्सा. तिकडे २,४००, इकडे ९,६००.
खाली माझी सही मोठी करून दाखवली.
मी म्हटलं, "अगं, तेव्हा मुलं गणपतीला गेली होती."
"वहिनी, डेटा इज डेटा. कुठली तरी तारीख धरायला लागते ना." मग हसून, "तुम्हाला एक्सेलमध्ये पाठवू का? उघडता येतं ना?"
लोक हसले. मी दहावी आहे, हे इथे सगळ्यांना पाठ आहे. बेरीज दहावीत तीच होती.

३१ ऑगस्ट, रविवार
वहीत पुन्हा मांडलं. पट धरला तर सहा-सहा हजार. त्यांच्या पद्धतीने आपल्या बाजूवर ३,६०० जास्त. शहाऐंशी हजार चारशे रुपये. मुलामागे १२० दिरहम.
मीनलची दोन मुलं आपल्या बाजूला. २४० जास्त. तिचा नवरा सदा भाजीची व्हॅन चालवतो. तिला फोन केला, तर म्हणे, "काकू, तुम्ही बघितलंय ना? मग मी काय बघू." तिने मागच्या वर्षीही असंच म्हटलं होतं, फी वाढली तेव्हा. तेव्हा बरं वाटलं होतं.
ह्यांना हिशेब दाखवला. वाचल्यासारखं केलं. "सोड ना. वर्ग चालला म्हणजे झालं." पिझ्झाच्या बिलात दोन दिरहम जास्त लागले तर फोन करणारा माणूस.

६ सप्टेंबर, शनिवार. अनंत चतुर्दशी
आज वर्ग भरलेला. सत्तावन्न. पलीकडची अठ्ठावीस. मी न सांगता हजेरी घेतली, सही केली, तारीख घातली. शलाकाला म्हटलं, "फोटो काढतेस?" ती म्हणाली, "आज नको." मीच काढला.
हे सकाळी "बँकेत काम आहे" म्हणून गेले. दोन तासांनी आले, शर्ट इस्त्रीचा.

९ सप्टेंबर, मंगळवार
पितृपक्ष लागला. शलाकाचा निरोप: वाटणीचा कागद तयार आहे, जुन्या वर्गातर्फे तुमची सही, शनिवारी करून टाकू, चला, यल्ला.
उत्तर दिलं, पितृपक्षात मी नव्या कागदावर सही करत नाही. घटस्थापनेनंतर.
तिने हात जोडलेलं चित्र पाठवलं. या बाबतीत मला कुणी काही म्हणत नाही.
खरं सांगायचं तर गेल्या वर्षी पितृपक्षातच गॅसच्या कागदावर सही केली होती. पितरांच्या आडून वेळ काढते आहे. उद्या घास ठेवताना त्यांची माफी मागेन.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
सदाच्या व्हॅनमधून रास अल खोरला गेले. तो भाजीबाजारात जातच होता, जातायेता टॅक्सीचे दीडशे वाचले. परकारभाईंचं गोडाऊन तिथून जवळ. रत्नागिरीचा माणूस, चहा घेतल्याशिवाय बोलू देत नाही.
म्हटलं, "परकारभाई, देण्याची वाटणी होते आहे, तुम्हाला कुणी विचारलं का?"
"इचारलानी ना भाबी. तुमचेच सायब आयले हुते गेल्या आठवड्यात. त्या मॅडमचा कागद घेऊन. बोलले, दोन हप्ते दोन शालांकडून येतील, चालंल काय."
मी कप खाली ठेवला. "तुम्ही काय सांगितलंत?"
"मी सांगितला, तुमी दोन वाटं करा नायतर दहा. माझ्या वहीत सही भाबींची हाय. नवीन शाला नाय देल तर मी भाबींनाच इचारणार. त्यात राग मानू नका." मग गोडाऊनमधल्या पोऱ्याला हाक मारून संत्र्यांची पिशवी आणवली. पैसे घेईनात.
परत येताना सदा गाडीत काही बोलत होता. मी हं हं म्हणत होते.
तुमचेच साहेब.

१३ सप्टेंबर, शनिवार
मधुराला विचारलं (पंधरा वर्षांची, उत्तर मान वर न करता), बाबाच्या लॅपटॉपवर मराठी वर्गाचं काही आहे का गं?
"या, बाबा मेड द शीट. शलाका आंटी डझन्ट नो फॉर्म्युलाज."
"कधी केली?"
"आय डोन्ट नो, आई. बिफोर गणपती. व्हाय आर यू बीइंग वियर्ड?"
गणपतीच्या आधी. म्हणजे हजेरी घेण्याआधी तक्ता तयार होता, आकडा तेवढा भरायचा राहिला होता.
एक्सेल शलाकालाही येत नाही तर.

१७ सप्टेंबर, बुधवार. एकादशी
उपास. साबुदाणा नाही केला, पाण्यावर.
ह्यांच्या पाकिटातून इस्त्रीवाल्याचे वीस दिरहम काढताना घडी केलेली पावती. कुणाच्या पाकिटात हात घालणं माझ्या स्वभावात नाही, पण इस्त्रीवाला दारात उभा होता. फ्लॅटच्या बुकिंगची. १,५०० दिरहम. इमारत: पलीकडच्या चारातली तिसरी. तारीख ६ सप्टेंबर, ताबा जानेवारीत.
पितृपक्ष लागायच्या आत उरकलं. मला काय चालत नाही ते सगळं पाठ आहे ह्यांना.
दुपारभर जप केला. माळ दोनदा मध्येच सुटली.

१८ सप्टेंबर, गुरुवार
आज विचारलं. आवाज न चढवता, भात वाढताना.
म्हणाले, "सरप्राइज द्यायचं होतं. भाडं वर्षाला चार हजारांनी कमी. तूच रोज बोंब मारतेस ना, भाडं वाढलं, भाडं वाढलं."
चार हजार. शहाण्णव हजार रुपये. मनात गुणाकार होऊन गेला, खोटं कशाला लिहू. वर गॅलरीत ऊन येतं म्हणे, पापड वाळतील.
"आणि ती शीट?"
"शलाकाने मदत मागितली, केली. एजंट तिच्या ओळखीचा. त्याने कमिशन सोडलं."
"म्हणजे त्या बदल्यात."
"बदल्यात काय त्यात? तुझं ना, सगळीकडे चोर दिसतात."
"तारीख कुणी सुचवली, २३ची?"
जेवत राहिले. ताक मागितलं.
म्हणजे जानेवारीत आपण पलीकडे. मधुरा त्यांच्या पटावर. आपल्याला ८० दिरहम भरायचे, मीनलला मुलामागे ३२०. आणि जुन्या वर्गातर्फे सही करणार मी.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना
घट बसवला. माती सदाने आणून दिली, नर्सरीतली नको म्हटलं होतं तरी नर्सरीतलीच.
शलाकाचा निरोप सकाळी आठला: "शुभेच्छा वहिनी. आता मुहूर्त आहे ना. शनिवारी पाच वाजता."
मुहूर्त काढायला हीसुद्धा शिकली माझ्याकडून.
दुसरा कागद लिहिला. हाताने. पटाप्रमाणे सहा-सहा हजार, परकारभाईंच्या वहीत दोन्ही वर्गांच्या सह्या, आणि खाली ६ सप्टेंबरची हजेरी जोडली. तीनदा तपासला. बरोबर आहे.
ह्यांनी तो टेबलावर पाहिला. म्हणाले, "हा दाखवलास तर एजंट कमिशन मागेल. बुकिंगचे पंधराशेही जातील कदाचित." धमकी नव्हती. माहिती दिल्यासारखं. पण ही माहिती ह्यांना कुणी दिली?

२६ सप्टेंबर, शुक्रवार
दिवा लावताना सांगितलं देवीला, मला त्या फ्लॅटचा मोह झाला आहे, हे तुला माहीत असू दे.
मधुरा म्हणाली, "जस्ट साइन ऑर डोन्ट साइन, आई. इट्स अ संडे-स्कूल थिंग." शनिवारची आहे, हे सांगितलं नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार
हॉलमध्ये बसून लिहिते आहे, मागच्या बाकावर. पाचला वीस मिनिटं आहेत. पिशवीत दोन्ही कागद.
लिफ्टमध्ये ह्यांनी विचारलं, "ठरवलंस?"
म्हटलं, "तुम्ही ठरवलंत तेव्हा मला विचारलं होतं?"
आता हे बाहेर फोनवर आहेत. काचेतून दिसतात, ऐकू येत नाही. मधेच माझ्याकडे बघतात.
शलाका पुढे खुर्च्या मांडते आहे. गोल. मला हाक मारली, "वहिनी, या ना पुढे." येते म्हटलं.
मीनल आली, दोन्ही पोरांना घेऊन. धापा टाकत शेजारी बसली. "काकू, कुठे सही करायची सांगा. सदाची गाडी खाली उभी आहे, दंड लागेल."
म्हटलं, "आधी वाच."
"मी काय वाचणार. तुम्ही वाचलाय ना?"
"वाचलाय. म्हणूनच म्हणते."
मग म्हणाली, "मग मोठ्याने वाचा ना. सगळ्यांनाच ऐकू जाईल."
सहज म्हणाली ती. पण शलाकाने खुर्ची हातात धरून मान वळवली, आणि हे फोन खिशात घालून आत येत आहेत. घाईत.
पिशवीतून दोन्ही काढलेत. शलाकाचा आधी वाचावा की माझा