धाकटीला कुणी विचारलं?

दि. ४ जून

ती. दादास,
शि. सा. न. नमस्कार लिहिलाय, पण आज तो रागानेच केलाय असं समज.

तू वहिनीला घेऊन सर्जनला भेटलास, धाकटीचं ऑपरेशन नको असं सांगून मोकळा झालास आणि गाडीत बसलास. तिला मात्र मणक्यात गॅप आलीय एवढंच सांगितलंस. दादा, छातीतला कॅन्सर तिच्या मणक्यात उतरलाय. गाठ मज्जारज्जू दाबतेय. ती काढून मणक्याला स्क्रू आणि सळयांचा आधार दिला नाही, तर आपल्या बहिणीचे पाय जातील, आणि एकदा गेले की बहुधा परत येत नाहीत. आत्ताच तिची चप्पल पायातून निसटते आणि तिला कळतही नाही.

वहिनी म्हणाली म्हणे, दुखणं बरं होणारच नाही तर चिरफाड कशाला. तू जन्मभर पूल तपासलेस. तडा गेलेल्या पुलाला टेकू द्यायच्या वेळी, हा अजून किती वर्षं टिकणार असं विचारून हात बांधून बसलास का कधी? ह्यांच्या वेळीही सगळे शहाणे कॉरिडॉरमध्ये बोलत राहिले, आणि आत ह्यांचे पाय गेले. ते गेल्यापासून मी मिळेल ते वाचतेय. मी सर्जनना सांगून आलेय, ऑपरेशन करा म्हणून.

रागासकट तुझीच,
मधली

दि. ९ जून

चि. मधलीस,
अ. उ. आ. चार पुस्तकं वाचून तू मला पूल शिकवू नकोस. सर्जनच म्हणाले, यातून आयुष्य वाढेलच असं नाही. रक्त जाईल, जखम चिघळू शकते. जिला लहानपणी खांद्यावर घेऊन हिंडलो, तिची पाठ उघडायला मी हो म्हणू? माझी जीभ रेटली नाही. खरं कळलं तर ती धसक्यानेच जाईल. तोंड उघडू नकोस, माझी शपथ आहे. तुझी वहिनी सारखी रडतेय.

राग गिळ, पण जेवणही गिळत जा.
दादा

दि. २१ जून

ती. दादास,
शि. सा. न. तुझी शपथ मोडायची वेळच आली नाही. धाकटीला सगळं ठाऊक होतं. आपण ज्या दाराबाहेर कुजबुजायचो, ते दार नीट लागतच नव्हतं.

मी हो सांगून आले हे कळल्यावर ती तुझ्याआधी माझ्यावरच बरसली. दादा नको म्हणाला, तू हो म्हणालीस, पाठ कुणाची, असं तिने विचारलं. मग मला खोलीबाहेर काढून तिने सर्जनना बोलावलं आणि काय ते स्वतः विचारलं. बरी होणार नाही हे त्यांच्या तोंडून ऐकलं, मगच सही केली. वर, तुमचे कल्ले कुणी वाकडे कापलेत, माझं सलून पुन्हा उघडलं की येऊन बसा, असंही सुनावलं.

ऑपरेशन झालं. आता रेडिएशन आहे. डावा पाय अजून ओढतो. काल ती वॉकर धरून उठली. मी धरायला धावले, तर मला खुर्चीत बसवलं. संडासापर्यंत एकटी गेली आणि आतून कडी लावली. सिस्टरने आरडाओरडा केला. त्यावर आतून आवाज आला, की यापुढे विचारल्याशिवाय कुणी आत यायचं नाही.

येशील तेव्हा दार वाजवून ये. तुझ्यावरचा माझा राग उतरलेला नाही, लोभही आटलेला नाही. तुझेही दोन्ही असू देत.

तुझी,
मधली