फिर्मिनोला आणायला

वाल-द-उर्झ,
६ नोव्हेंबर १९८८

चि. ओदेत हिस वहिनीचे आशीर्वाद, वि. वि.

पोचले. पाय सुजलेत, बाकी बरी आहे.

तू कळवलंस की पाच वर्षं भरली, कबरस्तानातली तुझ्या दादाची जागा आता दुसऱ्या मुडद्याला हवीय, हाडं घेऊन जा. म्हणून हाडांसाठी पेटी घेऊन लिस्बनला आले. उघडलं तर काय, फिर्मिनो अजून माणसासारखाच. बूटसुद्धा जागेवर. तो खोदणारा म्हणे, बाई, हे अजून झालेलं नाही, परत झाकतो, दोन वर्षांनी या. जसं काही पाव भट्टीत आहे. मला काहीच वाटलं नाही. उन्हात उभी राहिले, एवढंच.

मग तू मला फिरवलंस. बस संध्याकाळची, तोवर वेळ काढायचा होता, कळतं मला. किल्ला झाला, नदीतला तो बुरूज झाला. तू म्हणायचीस, बघा वहिनी, केवढं कोरीव काम, की मी बघायचे. मठात मेलेले राजे दगडी हत्तींच्या पाठीवर झोपलेत. यांना किती वर्षांनी उघडता, असं मी पहारेकऱ्याला विचारलं तर तुला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेटीत काय आहे असं त्याने विचारलं, मी म्हटलं, काही नाही, नवरा अजून तयार नाही. खोटं बोलले का?

शेजारणींसाठी तू दिलेले कस्टर्डचे टार्ट ठेवायला दुसरं काही नव्हतं, पेटीतच ठेवले. इथे उतरले तर फिर्मिनोला घ्यायला फाट्यावर अख्खं गाव. पाद्रीबाबा, मेणबत्त्या, पुरुषांच्या टोप्या हातात. मी पेटी उघडली आणि टार्ट वाटले. पाद्रीबाबांनी दोन खाल्ले.

पोरांना माझे पापे.

झुल्मिरा


लिस्बन,
१५ नोव्हेंबर

ती. वहिनींस ओदेतचा नमस्कार, वि. वि.

टार्टचं वाचून हसले, मग हसले म्हणून रडत बसले. त्या दिवशी मला काही सुचेना. तुमच्या डोळ्यांतून टिपूस नाही, मला भीतीच वाटली, म्हणून इकडून तिकडे ओढत राहिले. रागावू नका.

एक मागते. दोन वर्षांनी दादाला इथल्याच कबरस्तानाच्या भिंतीत हाडांसाठी कोनाडे असतात, त्यात ठेवू या. मी दर रविवारी जाते. गावात फुलं कोण नेणार? आणि एवढा प्रवास तुम्हाला झेपत नाही. नाही म्हणू नका, वहिनी.

लोभ कमी होऊ देऊ नका.

तुमचीच ओदेत


वाल-द-उर्झ,
२४ नोव्हेंबर

चि. ओदेत, आशीर्वाद.

नाही.

जिवंतपणी तो तुझ्या शहरात भिंती बांधत राहिला, मला ऑगस्टच्या सुट्टीपुरता मिळायचा. आता तरी अख्खा हवाय. फुलांचं तू नको सांगूस, मी आहे. मी आधी गेले तर तू त्याला घेऊन ये आणि माझ्या अंगावर ठेव, जागा पुरेल.

तुमच्या आईशेजारी त्याच्यासाठी खणलेला खड्डा काल बुजवला. पाणी साठत होतं, कोणाची शेळी पडली असती. फावडं मीच धरलं. रडू अजून आलेलं नाही. आलं की कळवीन.

लोभ आहे तसा राहू दे. रविवारी जाशीलच, तर त्याला सांग, बायको येऊन गेली. किल्ला नि हत्ती बघत फिरली, हे मात्र सांगू नकोस.

झुल्मिरा